शेततळ्यातल्या पिसवा मेल्या आणि पाणी हिरवं झालं: मोरचुदाचा दोष का?

बागाईतदार (१० ऑगस्ट, रात्री ९.४०)

मंडळी, हा धागा शेतीत टाकावा की मासेपालनात, कळेना. म्हणून इथेच टाकतोय.

दिंडोरी तालुक्यात आमची साडेतीन एकर द्राक्षबाग. वरच्या अंगाला प्लॅस्टिक कागदाचं शेततळं आहे. मी नोकरीला नाशकात, सुट्टीला गावी. घरी माशांच्या दोन टाक्या आहेत. त्या माशांना जिवंत खाद्य म्हणून दर रविवारी शेततळ्यातून पिसवा गाळून आणतो. पिसवा म्हणजे डॅफ्निया, मोइना वगैरे, पुस्तकात पाणपिसू म्हणतात. गाळणं म्हणजे आईची जुनी ओढणी तारेच्या कड्याला शिवलेली. एक फेरी मारली की तळाशी चमचाभर करडी खळ जमते आणि ती नुसती टुणटुणत असते.

२७ जुलैला भरपूर होत्या. ३ ऑगस्टला गाळणं रिकामं. एकही नाही. काठाला पांढरट सालं तेवढी तरंगत होती. आज बघतो तर पाणी मुगाच्या कढणासारखं हिरवं. ठिबकचा फिल्टर दिवसातून दोनदा खोलून धुवावा लागतोय. वडील म्हणतात, त्यात काय, मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) टाक, शेवाळ बसेल. दरवर्षी टाकतातच.

मधल्या बुधवारी बागेवर बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीवरचं औषध) मारला होता, अर्धा टक्का. दुपारी पाऊस आला, फवारणी अर्ध्यात सोडली आणि उरलेल्या औषधाचा ड्रम तळ्याच्या बांधावर उपडा केला. उतार तळ्याकडेच आहे. फवारणीवाला म्हणतो वीसेक लिटर असेल. तळ्यात सध्या अंदाजे ५ लाख लिटर पाणी आहे.

वीस लिटरनं एवढ्या पाण्यातल्या सगळ्या पिसवा मरतील का? माझा विश्वास बसत नाहीये. जाणकारांनी सांगावं.

गप्पीवाला (१० ऑगस्ट, रात्री १०.०५)

मरतील. माशांना इक (अंगावर पांढरे ठिपके येतात तो रोग) झाला की कॉपरचं औषध टाकतात ना, ते कोळंबीच्या टाकीत टाकून बघा. मासे ठणठणीत आणि सकाळी कोळंब्या-गोगलगायी आडव्या. मी स्वतः एकदा हा गाढवपणा केलाय. पिसू म्हणजे कोळंबीचीच चुलत बहीण.

शंकासुर (१० ऑगस्ट, रात्री १०.३०)

लगेच फाशी नका देऊ मोरचुदाला. आधी सांगा:
तळ्यात कोणी मासे सोडले का? कटला सोडला असेल तर तो पिसवाच खातो.
बोर्डोआधी दुसरं काही मारलं होतं का? पायरेथ्रॉइड कीटकनाशकाचा एक थेंब पुरतो.
आभाळ भरलं होतं, पाणी कोंदलं होतं, प्राणवायू कमी पडला असेल तर?

बागाईतदार (१० ऑगस्ट, रात्री १०.५०)

मासे नाहीत. कीटकनाशक गेल्या महिन्याभरात नाही, डाऊनीचीच, म्हणजे द्राक्षावरच्या केवडा रोगाची, भीती होती म्हणून बोर्डो. प्राणवायूचं माहीत नाही.

जलजा (११ ऑगस्ट, सकाळी ७.१५)

प्राणीशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे हा धागा बघून राहवेना. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

शंकासुर, प्राणवायूचा मुद्दा बरोबर आहे, पण त्याची खूण वेगळी असते. प्राणवायू हळूहळू कमी झाला तर पिसू हिमोग्लोबिन वाढवते आणि गुलाबी-लाल दिसायला लागते. बागाईतदार म्हणतात करड्या होत्या आणि एका आठवड्यात साफ. तरी सोडून देऊ नका, लक्षात ठेवा.

आता हिशेब. मोरचुदात साधारण चौथा हिस्सा तांबं. अर्धा टक्का बोर्डो म्हणजे १०० लिटरला अर्धा किलो मोरचूद, म्हणजे १२७ ग्रॅम तांबं. वीस लिटरमध्ये २५ ग्रॅम. ते ५ लाख लिटरमध्ये सारखं मिसळलं तर लिटरला ५० मायक्रोग्रॅम. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. आकडा ऐकून हसू येतं, नाही?

हसू नका. १९७२ साली बीसिंगर आणि क्रिस्टेन्सन या दोघांनी लेक सुपीरियरच्या पाण्यात डॅफ्निया मॅग्नाला तीन आठवडे वेगवेगळ्या धातूंत ठेवलं. तांबं लिटरला २२ मायक्रोग्रॅम झालं की पिल्लांची संख्या १६ टक्क्यांनी घटली. जस्ताला ७० लागले. कॅडमियमला ०.१७, पाव मायक्रोग्रॅमसुद्धा नाही! हे मरण्याचे आकडे नव्हेत बरं. आई जिवंत, पोहतेय, खातेय, फक्त पोटातली अंडी कमी. बाहेरून बघणाऱ्याला काही कळणार नाही.

आता याच्या शेजारी आपलं पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक ठेवा, आयएस १०५००. तांबं ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे ५० मायक्रोग्रॅम, आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. जस्त तर ५ मिलिग्रॅम. तुमचं तळं उद्या प्रयोगशाळेत दिलं तर शिक्का मारून येईल, ‘मर्यादेत’. माणसासाठी ते खरंच आहे. मानक माणसासाठीच लिहिलंय.

धातू नेमकं करतो काय? पिसू दोन-तीन दिवसांनी कात टाकते (काठावरची तुमची पांढरी सालं, त्यांत काती असतील आणि काही मेलेल्याही). कात टाकली की नवं कवच भरायला ती पाण्यातून भराभर कॅल्शियम ओढते. कॅडमियम कॅल्शियमच्याच दारानं आत शिरतं, जस्त आणि शिसंही तिथंच धक्काबुक्की करतात. तांब्याची तऱ्हा निराळी. ते सोडियमच्या वाटेत आडवं येतं. गोड्या पाण्यातला जीव सतत बाहेरून मीठ आत ओढत असतो. ती ओढ थांबली की अंगातलं मीठ नुसतं गळत राहतं.

म्हणूनच पाणी कसं आहे याला फार महत्त्व. कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर असलेल्या जड पाण्यात धातूला दारात गर्दी सोसावी लागते. पावसाच्या मऊ पाण्यात दार मोकळं. (विद्यार्थी दरवर्षी गोंधळायचे, जड पाणी आणि जड धातू. जड पाणी इथं पिसूच्या बाजूनं आहे.) आपल्या विहिरींचं पाणी जड असतं. तुमचं तळं पावसानं भरलंय का विहिरीनं?

आणि बोर्डोबद्दल एक. चुना पुरेसा असेल तर तांबं बहुतेक न विरघळणाऱ्या रूपात असतं. चुना कमी पडला तर मोकळं राहतं. तुमच्या घरी ते बघतात का?

बागाईतदार (११ ऑगस्ट, दुपारी १.२०)

ताई, तळं निम्म्याहून जास्त पावसाचंच आहे यंदा.

आणि चुन्याचं विचारलंत ते बरं केलंत. आमच्याकडे विळा बुडवून बघतात. घासून चकचकीत केलेलं लोखंडी पातं द्रावणात धरायचं, तांबूस थर चढला तर चुना कमी. वडिलांना फोन केला. म्हणाले, त्या दिवशी चुना जुना होता, पोतं उघडं राहिलेलं. विळ्यावर तांबूस आलं म्हणून अजून दोन मुठी टाकला. पुन्हा विळा बुडवला का विचारलं तर गप्प.

जलजा (११ ऑगस्ट, दुपारी २.०५)

अहो, हेच! तुमचा विळा मोकळं तांबंच पकडतो. लोखंड विरघळतं आणि तांबं त्याच्या जागी पात्यावर बसतं. तीन-चार दशकांच्या संशोधनाचं सार हेच आहे की पाण्यात एकूण धातू किती यापेक्षा मोकळा आयन (पाण्यात सुटा, भारित अणू) किती यावर जिवाचं मरण ठरतं. शेवाळाला, कुजलेल्या पानांच्या अर्काला, गाळाला चिकटलेलं तांबं बरंचसं निरुपद्रवी होतं. फरक एवढाच की विळ्याला दिसायला ते भरपूर लागतं. पिसूला त्याच्या हजारो पट कमी पुरतं.

जुना पंचवटीकर (११ ऑगस्ट, सायंकाळी ६.३०)

जलजाताई, छान लिहिताय. पण एक पटत नाही. आमची आजी रात्री तांब्याच्या हंड्यात पाणी भरून ठेवायची, सकाळी सगळ्यांना एकेक पेला. तांब्यानं पाणी शुद्ध होतं म्हणून तर रामकुंडात तांब्याचा पैसा टाकायची रीत होती. आणि तुम्ही म्हणता तांबं विष. मी ८१ वर्षांचा आहे, अजून जिना चढतो.

गप्पीवाला (११ ऑगस्ट, सायंकाळी ६.५५)

काका, तुमची आजी बरोबर आणि ताईही बरोबर. तांबं जंतू मारतं म्हणूनच हंडा. जंतू मारणारं ते पिसू का सोडेल? मी करून पाहिलंय. तांब्याच्या लोट्यात रात्रभर ठेवलेलं पाणी एका बाटलीत, त्यात मोइना सोडल्या. संध्याकाळपर्यंत तळाशी. शेजारच्या स्टीलच्या पेल्यातल्या मजेत होत्या. तुम्ही पीत राहा, माणसाचं यकृत जास्तीचं तांबं बाहेर काढतं.

रामकुंडाचं म्हणाल तर हल्लीची नाणी स्टेनलेस स्टीलची. घाटावरची पोरं दोरीला लोहचुंबक बांधून खेचतात ना, तांबं असतं तर एकही नाणं चिकटलं नसतं :)

जुना पंचवटीकर (११ ऑगस्ट, रात्री ८.१०)

खरंच की. चुंबकाची पोरं रोज बघतो, कधी डोक्यात आलं नाही.

तुमच्या या किड्यांवरून आठवलं. लहानपणी आजोळी बारवेचं पाणी. मामाच्या पायातून नारू निघाला होता. तो तुटू नये म्हणून काडीला रोज थोडा थोडा गुंडाळायचे, पंधरा-वीस दिवस. मामा ओरडायचा ते अजून कानात आहे. मामी नंतर दुहेरी फडक्यानंच पाणी गाळायची. डॉक्टर म्हणाले होते, पाण्यातल्या बारीक किड्यातून येतो. तोच का हा?

जलजा (११ ऑगस्ट, रात्री ८.४०)

तोच नाही, त्याचा शेजारी. सायक्लोप्स, एका डोळ्याचा. नारूची अळी सायक्लोप्सच्या पोटात वाढते आणि आपण तो पाण्याबरोबर गिळतो. साधारण वर्षानं जंत पायातून बाहेर. तुमच्या मामींचं फडकं हाच खरा उपाय होता, सायक्लोप्स त्यातून जात नाही. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात, जोधपूर जिल्ह्यात सापडला आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. एकही लस न वापरता.

शंकासुर (११ ऑगस्ट, रात्री ८.५५)

मग मेले तर बरंच की. गोदावरीत ओता मोरचूद, सायक्लोप्सही जाईल. :P

जलजा (११ ऑगस्ट, रात्री ९.१५)

तुमचं नाव सार्थ केलंत. पण याचंच उत्तर बागाईतदारांच्या तळ्यात हिरवं होऊन पडलंय.

पिसू पाणी गाळून शेवाळाच्या सुट्या पेशी खाते. मोठ्या जातीची एक पिसू तासाला मिलिलिटरभर पाणी गाळते. लाखोंची फौज असली की तळं काही दिवसांत आरपार गाळलं जातं. तांबं पडलं, फौज गेली. शेवाळाचा एक थर तांब्यानं दबला असेलही, पण त्याच्या पिढ्या तासांत मोजायच्या. तांबं गाळात बसलं, पावसानं पातळ झालं, की ते परत. पिसवांना मात्र सगळं शून्यातून. मग हिरवं पाणी, मग फिल्टर चोंदला, मग वडील म्हणतात मोरचूद टाक. जलाशयांत शेवाळ मारायला मोरचूद वापरतात तिथेही हा फेरा जुना आणि माहितीतला आहे. शेवाळ खाणाऱ्याला आधी मारायचं आणि मग शेवाळ का वाढलं म्हणून पुन्हा तेच औषध. बागाईतदार, कृपा करून यंदा टाकू नका.

चहाबिस्किट (१२ ऑगस्ट, सकाळी ९.००)

वाचतेय. दिंडोरीवाले दादा, वडिलांना हा धागा वाचून दाखवा.

बागाईतदार (१२ ऑगस्ट, सकाळी ९.४०)

दाखवला. म्हणाले, त्या बाईंना विचार डाऊनीवर दुसरं काय मारू.

जलजा (१२ ऑगस्ट, सकाळी १०.१०)

रास्त प्रश्न. डाऊनीवरचं मला कळत नाही आणि बोर्डो बंद करा असं मी म्हणतही नाहीये. ड्रम तळ्याच्या बांधावर उपडा करू नका आणि तळ्यात मोरचूद टाकू नका, एवढंच. उरलेलं औषध बागेच्याच ओळीत पसरून टाका. मातीत तांबं घट्ट बसतं. वर्षानुवर्षं साचतं हेही खरं, पण तो वेगळा धागा होईल.

प्लेटिंगवाला (१२ ऑगस्ट, रात्री ११.२०)

इतके दिवस नुसता वाचत होतो. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत एका छोट्या प्लेटिंग शॉपमध्ये (धातूचा मुलामा देतात तिथं) २२ वर्षं काढली, आता निवृत्त. नदीचा विषय निघाला की आमच्याकडे बोट जातं, म्हणून आतली गोष्ट सांगतो. बचाव म्हणून नाही.

बाथमधलं रसायन कोणी फेकत नाही, महाग असतं. घाण येते ती रिन्सची. जॉब, म्हणजे मुलामा द्यायची वस्तू, बाथमधून काढला की पाण्यात बुडवून धुतात, ते पाणी. जस्त, निकेल, क्रोम. क्रोम षट्संयुजी असतं, पिवळंधमक. ते आम्लात मेटाबायसल्फाइट घालून त्रिसंयुजी करायचं, पिवळ्याचं हिरवट झालं की समजायचं झालं. मग चुना घालून सामू (पीएच) वर न्यायचा, धातू चोथ्यासारखा खाली बसतो, फिल्टर प्रेसमधून त्याची वडी निघते, ती घातक कचऱ्याच्या गाडीत जाते. कागदावर सोपं आहे.

खरी गोम सामूत आहे. जस्त नऊच्या आसपास छान बसतं. निकेलला दहाच्या घरात न्यावं लागतं. आणि ऑपरेटरनं घाईत कॉस्टिक जास्त ओतून अकराच्या वर नेलं तर बसलेलं जस्त परत विरघळून पाण्यात! रात्रपाळीचा पोरगा, सामूचा कागद ओला झालेला, कोण बघतं? आमच्याकडे हे झालंय, माझ्याच पाळीत झालंय. सकाळी टाकी स्वच्छ दिसत होती, काचेसारखी. मी साहेबांना म्हणालो, बघा किती छान ट्रीटमेंट झाली. अजून लाज वाटते.

जलजा (१३ ऑगस्ट, सकाळी ७.३०)

प्लेटिंगवाले दादा, हे असं कोणी लिहीत नाही. मनापासून धन्यवाद.

एक भर घालते. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्याची सर्वसाधारण मर्यादा आहे जस्ताला लिटरमागे ५ मिलिग्रॅम, तांब्याला ३, निकेलला ३, षट्संयुजी क्रोमला ०.१. म्हणजे नियम पाळणाऱ्या कारखान्याच्या पाण्यातही तांबं ३००० मायक्रोग्रॅम असू शकतं. नदीच्या भरपूर पाण्यात ते पातळ होईल हे गृहीत धरलेलं. त्याच नियमात जिवंत प्राण्यावरची एक चाचणीही आहे. निव्वळ सांडपाण्यात ९६ तासांनी ९० टक्के मासे जिवंत हवेत. मासे! पिसू नाही. डॅफ्नियावरची ४८ तासांची चाचणी जगभर प्रमाण मानली जाते, एका दिवसापेक्षा लहान पिल्लं घेऊन, ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या चाचण्यांच्या यादीत तिचा क्रमांक २०२. डॅफ्निया मॅग्ना ही आपली जात नव्हे हे खरं, पण मोइना आणि सेरिओडॅफ्निया तर आपल्या दारात आहेत.

शंकासुर (१३ ऑगस्ट, सकाळी ८.४५)

पातळ होईल हे गृहीत धरलंय म्हणता. एप्रिलमध्ये नाशकात द्वारकाजवळ पुलावरून नासर्डी नदी बघितली आहे का कोणी? पातळ करायला पाणी कुठाय? तिचं कागदोपत्री नाव नंदिनी. टाकळीला जिथं ती गोदावरीला मिळते तिथं समर्थ रामदास पाण्यात उभं राहून जप करायचे म्हणतात. आज उभं राहणाऱ्याला आधी रुमाल लागेल.

इथं मी गंमत करत नाहीये.

पक्षीवेडी (१३ ऑगस्ट, रात्री ९.३०)

नांदूरमध्यमेश्वरला दर हिवाळ्यात जाते. २०१९ सालच्या नोंदीनं महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे ते. गोदावरी-कादवा संगमावर, म्हणजे नाशिक शहराच्या खालच्या अंगाला. नाशकात जे वाहून जातं ते तिथं येऊन विसावतं.

थापट्या बदक पाहिलंय का कोणी? चमच्यासारखी चपटी चोच. चोचीच्या कडेला कंगव्यासारखे दाते असतात. पाण्यात चोच घालून गोल गोल फिरतो आणि हेच किडे गाळून खातो. दहा-पंधरा थापटे एका वर्तुळात फिरताना दिसले की समजायचं खाली जेवणावळ आहे. माझी भीती ही की धातू पिसवांत, पिसवांतून माशांत, माशांतून पक्ष्यांत दसपट-शतपट होत जात असेल. बरोबर ना ताई?

जलजा (१३ ऑगस्ट, रात्री १०.१५)

थापट्याचं वर्णन झकास. शतपटीचं मात्र सगळ्याच धातूंना लावू नका, वर्तमानपत्रांत हीच चूक वारंवार होते. मिथाइल पारा तसा चढत जातो. तांबं-जस्त सहसा चढत नाहीत, प्राणी त्यांचा हिशेब ठेवतात आणि जास्तीचं टाकून देतात. थापट्याला तांब्यानं विषबाधा होण्यापेक्षा ताट रिकामं मिळण्याची भीती मोठी. माशांच्या पिल्लांचंही तेच. पहिले काही दिवस त्यांच्या तोंडात मावतं ते एवढंच.

आणखी एक सावधगिरी. विद्यार्थ्यांना घेऊन जाळं टाकायचे तेव्हा शहराच्या वर गंगापूर धरणाच्या फुगवट्याला डॅफ्निया, डायाप्टोमस (सायक्लोप्सचा भाऊबंद) मिळायचे आणि शहर ओलांडून तपोवनाच्या खाली बहुतेक ब्रॅकिओनस, म्हणजे रोटिफर नावाचे त्याहून बारीक जीव. पोरं लगेच लिहायची ‘जड धातूंचं प्रदूषण’. मी खोडायचे. ब्रॅकिओनस वाढणं ही मुख्यतः मैलापाण्याची खूण. तांब्याला तर तोही पिसवेइतकाच हळवा आहे. नुसत्या नावांच्या यादीवरून धातूवर आळ घेता येत नाही.

बागाईतदार (१४ ऑगस्ट, रात्री १०.००)

मग माझ्या तळ्यात तांबंच होतं हे कसं ठरवायचं? प्रयोगशाळेचा दर विचारला. एका धातूला जेवढे सांगितले तेवढ्यात ठिबकचा नवा फिल्टर येईल.

जलजा (१४ ऑगस्ट, रात्री १०.४०)

घरी करा. प्रयोगशाळेचे लोकही हेच करतात, फक्त जास्त काटेकोर. ईडीटीए नावाचं रसायन धातूला मिठी मारून बसतं. विषारी पाण्यात थोडं ईडीटीए घातल्यावर पिसवा जगल्या तर मारणारा धातू होता. तरी मेल्या तर दुसरं काही.

रसायनांच्या दुकानात डायसोडियम ईडीटीए मिळतं. चिलेटेड झिंकचं पाकीट नको, त्याच्या मिठीत आधीच जस्त आहे. अगदी चिमूट, लिटरला ५ मिलिग्रॅमच्या आसपास. जास्त झालं तर कॅल्शियमही ओढून घेतं. चार बरण्या: विहिरीचं पाणी, विहिरीचं पाणी आणि ईडीटीए, तळ्याचं पाणी, तळ्याचं पाणी आणि ईडीटीए. प्रत्येकीत दहा पिल्लं. तळ्याचं पाणी दाट कापडातून गाळा, नाहीतर हिरव्यात काही दिसायचं नाही. दुसरी बरणी विसरू नका, ईडीटीएच मारत नाही ना हे तिथंच कळतं.

गप्पीवाला (१४ ऑगस्ट, रात्री १०.५५)

पिल्लं मी देतो, माझ्याकडे मोइनाचं कल्चर जोरात आहे. ड्रॉपरचं टोक कापून रुंद करा, नाहीतर कवचात हवा शिरते आणि पिल्लू पृष्ठभागावर अडकून मरतं.

बागाईतदार (१८ ऑगस्ट, रात्री ११.१०)

झालं. गप्पीवाल्यांकडून शुक्रवारी मोइना आणल्या, तळ्याचं पाणी गावाहून भाऊ घेऊन आला. शनिवारी रात्री नऊला सोडल्या. बायको म्हणाली लोणच्याच्या बरण्या का घेतल्या. उकळत्या पाण्यानं धुतल्या होत्या, तरी सांगून ठेवतो.

आज रात्री नऊला टॉर्च लावून मोजल्या.
विहीर: १० पैकी १०.
विहीर + ईडीटीए: १०.
तळं: २, त्यातली एक तळाशी नुसते हातपाय हलवतेय.
तळं + ईडीटीए: ७.

तळ्याच्या बरणीतल्या मेलेल्या भिंगाखाली बघितल्या. पोट पांढरं, रिकामं. ईडीटीएवाल्यांच्या पोटात हिरवी दोरी स्पष्ट दिसते, मुगाच्या मोडासारखी वाकडी. पाठीशी हृदय फडफडतंय, मोजायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

शंकासुर (१८ ऑगस्ट, रात्री ११.३०)

मान्य. ७ आणि २ मधला फरक बोलका आहे. पण १० का नाही? उरलेल्या तिघी कशानं गेल्या?

जलजा (१९ ऑगस्ट, सकाळी ६.५०)

चांगला प्रश्न. तांबं चिकटलेलं शेवाळ गाळण्यातून थोडं गेलंच असेल आणि ते पोटात गेलं की ईडीटीए पाण्यात बसून काय करणार? किंवा गाळताना पाणी हलवल्यानं. किंवा दहाचा नमुनाच छोटा. पुन्हा करा, प्रत्येकी तीन बरण्या. तांबं की दुसरा धातू हे यातून कळत नाही, पण ड्रमात होतं काय ते आपल्याला माहीत आहे.

तळ्याचं विचारत असाल तर आता काही करू नका. पाऊस येऊ द्या. पिसवांची टणक अंडी तळाच्या गाळात पडून असतात, काही ठिकाणी दशकानुदशकं पडलेली अंडी शास्त्रज्ञांनी उबवली आहेत. तुमच्या कागदावरच्या इंचभर गाळातही असतील. पण फार आशा लावून बसू नका. कॅनडात सडबरीला तांबं-निकेलच्या भट्ट्यांनी तळी मारली होती. धूर कमी झाला, आम्लता सुधारली, तरी जिथं धातू उरला तिथं हे जीव परतायला फार वर्षं लागली.

प्लेटिंगवाला (१९ ऑगस्ट, दुपारी ३.००)

ही बरणीची युक्ती २२ वर्षांपूर्वी कोणी सांगितली असती तर टाकीच्या बाजूला एक बरणी ठेवली असती. सामूच्या कागदापेक्षा स्वस्त.

बागाईतदार (२४ ऑगस्ट, रात्री ९.१५)

काल गावी होतो. पाणी अजून हिरवं. गाळणं फिरवलं, काही नाही. थोडा गाळ बाटलीत आणलाय, घरी खिडकीत ठेवलाय.

वडिलांनी मोरचूद टाकला नाही. टाकणार नाही असंही म्हणाले नाहीत. ड्रम मात्र बांधावरून हलवून बागेच्या खालच्या टोकाला नेलाय आणि त्यावर खडूनं लिहिलंय ‘इथेच धुणे’.

गप्पीवाले, तळं निवळलं की दोन बरण्या मोइना सोडून बघतो म्हणतो. मिळतील का?

गप्पीवाला (२४ ऑगस्ट, रात्री ९.४०)

कधीही या. गणपती बसायच्या आत या म्हणजे निवांत बोलता येईल. बरणी अर्धीच भरून द्यायला सांगा आणि गाडीवर झाकण घट्ट लावू नका.